तीन पायांचा कावळा

ता. ६ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून तू आधी मला चार शिव्या घालशील, त्या घालून होईपर्यंत थांबतो. झाल्या? आता वाच.

मी सुखरूप आहे आणि पोटभर खातो आहे. कॉलेजात परत जाणार नाही, हे घरात ओरडून सांगूनच निघालोय, तेव्हा तो विषय मी काढत नाही, तूही काढू नकोस. निघताना फोन भिंतीवर आपटला हे आईने सांगितलं असेलच. भिंतीचा पोपडा उडाला. फोनचं तर बोलायलाच नको. म्हणून हे कागद-पेन.

ताई, काल मी जे पाहिलं ते शपथेवर सांगितलं तरी तुला खरं वाटायचं नाही. चढावर बस तापली म्हणून ड्रायव्हरने सगळ्यांना खाली उतरवलं, आणि मी पाय मोकळे करत पुढे गेलो. रस्त्याच्या कडेला, कुंपणाला लागून, दोन लाकडी पेट्या पालथ्या घालून त्यांवर मेणकापड ठोकलं होतं. त्यावर टोपल्याच टोपल्या आलुबुखार. आणि विकायला माणूस नाही! मी हाक मारली. टाळ्या वाजवल्या. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. झाकणाला फट पाडलेला एक पत्र्याचा डबा, दोरीला बांधलेली वही, आणि पाटीवर खडूने लिहिलेलं की घ्याल ते वहीत लिहा आणि पैसे डब्यात टाका. बस्स! मी तोंडाचा आ वासून उभाच राहिलो. आपल्या गल्लीत दाराबाहेर झाडू विसरला तर संध्याकाळपर्यंत त्याला पाय फुटतात, आणि इथे अख्खी बाग रस्त्यावर मांडून मालक गायब!

पण मीही आईचाच मुलगा. भाव आधीच कमी होता, तरी घासाघीस केल्याशिवाय घेतलेलं मला पचत नाही. आता समोर माणूसच नाही तर करायची कुणाशी? तेवढ्यात नीट पाहिलं तर प्रत्येक फळावर पांढरट भुकटी! बोटाने पुसली की खाली जांभळं, पण वर बुरशी. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हे आहे होय माणूस न बसवण्याचं कारण, गिऱ्हाईकाला तोंड दाखवायला नको! वहीत ठणकावून लिहिलं की मालक, फळांना बुरशी आली आहे, झोपला असाल तर उठा, असल्या मालाला अर्धा भाव पुष्कळ झाला. अर्धेच पैसे टाकले आणि टोपलीभर फळं पिशवीत ओतून घेतली.

आणि ताई, काय गोड होती म्हणून सांगू! रस कोपरापर्यंत ओघळला. एका चहाच्या पैशात मी आणि ड्रायव्हर दोघं जेवलो. ड्रायव्हरने एवढंच विचारलं की कुठून आणली, आणि मी अर्धा भाव म्हटल्यावर तो का कोण जाणे हात पुसून गाडीकडे निघून गेला.

प्रवासात स्वस्त कसं खावं याचं शास्त्रच मी शिकत चाललोय. पाटी रंगवलेली असेल तर पुढे चालू लागायचं, खडूने लिहिलेली असेल तर थांबायचं. खडूचा भाव आजचा असतो, रंगाचा भाव मालकाच्या हावेचा. सध्या प्रत्येक बाजारात मी पेट्या उलटून त्यांची बुडं पाहत हिंडतो. का, ते विचारू नकोस. त्या कुंपणाजवळच्या तेवढ्या राहिल्या, त्यांवर कापड ठोकलेलं होतं.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. पत्र पुढच्या गावी, पुलाजवळच्या मोठ्या डाकघरात माझ्या नावाने ठेवायला लिही.

तुझा लोभ निदान पुलापर्यंत तरी टिकावा ही विनंती.

तुझा धाकटा

*

ता. ११ ऑगस्ट

चि. लवंग्यास,
अ. उ. आ.

शिव्या घालून झाल्या, पण तू दिलेला वेळ पुरला नाही.

लहानपणापासून लवंगी मिरची ती लवंगी मिरचीच. फोन तू आपटलास आणि भुर्दंड मला. शिलाईचं मशीन बंद ठेवून पत्रं लिहीत बसले आहे आणि तीन गिऱ्हाइकांचे ब्लाऊज अस्तनीवाचून पडलेत. आई शेजारणींना सांगते की मुलगा कॉलेजच्या अभ्यासदौऱ्यावर गेला आहे. कसला अभ्यास विचारलं तर म्हणते मातीचा. तुझं चार घरचे कौतुक करतात, परत आलास की माती कशी होती ते सांगायची तयारी ठेव.

बाबा सकाळी दुकानात जातात, पेट्या ठोकतात, येतात, जेवतात. उजवं मनगट सुजलंय. हंगाम ऐन भरात आहे आणि पेट्या वेळेवर होत नाहीत, हे त्यांनी नाही, त्यांच्या ठोक्यांनी मला सांगितलं. दोन ठोके आणि विश्रांती, दोन ठोके आणि विश्रांती. तू घरातून जाताना म्हणालास ना, की तुमच्या भुशात मी पाय ठेवणार नाही? ते वाक्य अजून जेवणाच्या पाटावर बसलेलं असतं. कुणी उठवत नाही.

दोन गोष्टी मात्र मला चमत्कारिक वाटल्या. काल डबा घेऊन दुकानात गेले तर भुशात पिकलेल्या फळांचा वास. आणि खिळ्यांच्या डब्यात आलुबुखारच्या बिया! आपल्या जन्मात बाबांनी स्वतःसाठी कधी फळ विकत घेतलंय? मी विचारलं तर म्हणाले की नासून जाण्यापेक्षा खाल्लेली बरी. दुसरं म्हणजे, रात्री जेवताना त्यांनी अचानक विचारलं, वर डोंगरात थंडी असते का. मी हातातला घास खाली ठेवला. तू कुठे आहेस हे मी कुणालाही, अगदी आईलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. पेट्यांची बुडं कुणी शहाणा माणूस उगाच पाहत नाही. ती कोण आहे, ते सरळ लिही. दोन वर्षं कॉलेजच्या कँटीनच्या नावाने बोटं मोडणारा तू अचानक आलुबुखारच्या रसाची वर्णनं करायला लागलास, यातच मी काय ते समजले.

जिवाला जप. माझा लोभ शिलाईसारखा आहे, ओढून पाहू नकोस म्हणजे टिकेल.

तुझी ताई

*

ता. १६ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. बरं, ऐक.

कॉलेजच्या भिंतीला लागून ती फळं विकायला बसायची. चार महिने. तिचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चाललेली, म्हणून एक दिवस मी तिची भावाची पाटी लिहून दिली. मग रोजच लिहायला लागलो. दोन तास वर्गात आणि चार तास पाटीजवळ, असा माझा अभ्यासक्रम होता. ताई, ती फळ हातात देताना देठाला धरून देते, फळाला बोट लागू देत नाही. हे मी तुला का सांगतोय माहीत नाही. झोप लागत नाही मला.

एक कबुली देतो, ती वाचून फाडून टाक. तिने माझे वडील काय करतात विचारलं तेव्हा मी सांगितलं की लाकडाचा मोठा व्यापार आहे. खोटं कुठे आहे? लाकडाशी संबंध आहेच ना! ती इतकी हसली, इतकी हसली की तराजू खाली ठेवला. मग डोळे पुसत मला एक आलुबुखार दिला. मला वाटलं, व्यापाऱ्याचा मुलगा आवडला.

आणि गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी जागा रिकामी! ना टोपल्या, ना पाटी, ना निरोप. भिंतीशी फक्त एक मोडकी पेटी. मला धक्काच बसला. त्या दिवशी तासाला सर म्हणाले की लक्ष कुठे आहे, मी म्हणालो तुमच्याकडे नाही हे नक्की, आणि उठून बाहेर आलो तो आलोच. तिचं गाव मला माहीत नाही. ती नेहमी वर म्हणायची, वरून माल आला, वर पाऊस झाला. वर म्हणजे कुठे, हे विचारायचं राहून गेलं. पण त्या पेटीच्या बुडाला तापल्या लोखंडाने डागलेला एक ठसा होता. म्हटलं, हीच बागेची खूण. हा ठसा जिथे, ती तिथे.

आणि इथेच ताई, माझं डोकं चालेनासं झालंय. पहिल्या बाजारात तो ठसा बटाट्यांच्या पेटीला सापडला. मी आनंदाने ओरडलो. बटाटेवाला म्हणाला की माल पूर्वेकडचा. दुसऱ्या बाजारात सफरचंदांच्या पेटीला, माल उत्तरेचा. तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारी त्याच ठशाच्या पेटीवर बसून वाटाणे सोलत होती, आणि चौथ्या ठिकाणी आतून बदकाची पिल्लं निघाली! एकाच बागेत बटाटे, सफरचंद आणि बदकं? कोण आहे हा माणूस? अर्ध्या मुलखाची जमीन याच्याच मालकीची?

लसूणवाल्याशी तर मारामारीच व्हायची. तो पेटी उलटू देईना, मी हिसकावली, आणि अख्खा लसूण उतारावरून गडगडत गेला. भर बाजारात दोन तास मी रांगत लसूण वेचत होतो. वेचून झाल्यावर तो म्हातारा मला ओरडेल असं वाटलं, तर त्याने उकडलेले बटाटे आणि मीठ पुढे ठेवलं. म्हणाला की भुकेला माणूसच एवढा चिडतो. त्यानेच मला शिकवलं की बाजार उठताना जड वस्तू घ्याव्यात, परत गाडीत चढवायचा कंटाळा असतो. त्या संध्याकाळी मी तडा गेलेलं कलिंगड फुकट मिळवलं आणि नऊ टोमॅटो तीनच्या भावात. पण सांगू का, भाव पाडण्यात पूर्वीची मजा राहिली नाही. लसूण वेचताना एकेक गड्डी किती वेळा वाकल्यावर हाती येते ते कळलं.

तुझी नजर चांगली आहे म्हणून ठसा काढून पाठवतो. बघ कुठे पाहिलाय का. पक्षी आहे. पोट वांग्यासारखं, चोच उघडी, आणि पाय मोजून तीन. पेटी उथळ आहे, जेमतेम वीतभर, आणि आतले कोपरे कुणीतरी कानशीने घासून गोल केलेत. एवढी मेहनत पेटीवर कोण करतं?

पत्र इथल्याच डाकघराच्या पत्त्यावर पाठव. मी हलत नाही. कुठे हलायचं तेच कळत नाही.

मूर्ख भावावर असते तेवढी माया राहू दे.

तुझा धाकटा

*

ता. २० ऑगस्ट

चि. लवंग्यास,
अ. उ. आ.

आधी बस. उभ्याने वाचू नकोस.

तुझं चित्र पाहिलं आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली. दुसऱ्यांदा पाहिलं आणि मी हसत सुटले. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा रडू आलं. अरे गाढवा, तो बाबांचा ठसा आहे! गेली चौदा वर्षं बाबा स्वतःच्या प्रत्येक पेटीच्या बुडाला तो मारतात, मोकळ्या पेट्या बाजारातून फिरून आल्या की दुरुस्तीला कुणाकडे न्यायच्या ते कळावं म्हणून. पेटी एका मालकाकडे कधी राहते का? आज सफरचंद, उद्या बटाटे, परवा बदकं. आपल्या स्वयंपाकघरात कांदे कशात असतात रे? कधी पेटी उचलली असतीस तर दिसलं असतं.

आणि अजून बसलेला आहेस ना? तो कावळा तू काढलेला आहेस. तू पाच वर्षांचा होतास. बाबांनी रंधा मारून ठेवलेल्या चांगल्या फळीवर तू त्यांच्याच पेन्सिलीने तो रेखाटलास. मला वाटलं आता तुला फटका बसणार. बाबा ती फळी काखेत मारून लोहाराकडे गेले आणि तसाच्या तसा ठसा करून आणला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसाही आपणच घडवलेला असावा, असं मी तरी ऐकलेलं नाही.

मशीनवर कापड टाकून मी तशीच दुकानात गेले. बाबांना तुझं पत्र दाखवलं. लाकडाच्या व्यापाराचा भागसुद्धा, होय, फाडला नाही. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि पेटीचं वर्णन दोनदा वाचलं. म्हणाले की उथळ, गोल कोपऱ्यांची पेटी मी एकाच घरासाठी करतो, आलुबुखारची साल नाजूक असते. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी भुशातच बसले.

ती मुलगी दर हंगामात पेट्या सांगायला दुकानात येते. तू कुणाचा मुलगा हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तुझ्या कानांवरून. बाबांचेच कान आहेत तुला. त्या सोमवारी तिचे वडील झाडावरून पडून पाय मोडल्याचं तिला कळलं, आणि रात्रीच्या बसने जाण्याआधी ती धावतपळत दुकानात आली. एक छोटी पेटी भरून आलुबुखार ठेवले आणि सांगितलं की तुमचा मुलगा दुकानात येईल तेव्हा हे द्या, आणि सांगा की मी तोडणीला वर गेले आहे, यायचं असेल तर यावं. तिला वाटलं, मुलगा आहे, बापाच्या दुकानात कधीतरी येणारच. बाबा वाट बघत बसले. तू दुकानावरून गेलास तो पलीकडच्या बाजूने. त्या बिया कुठल्या ते आता तुला सांगायला नको.

अजून आहे. दहा दिवसांपूर्वी बाबांना तिचं कार्ड आलंय. आता हे मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण यात माझा एक टाका घालायची माझी हिंमत नाही. तुमचा मुलगा काल आमच्या कुंपणापाशी येऊन गेला, अक्षर मी ओळखलं, आमच्या फळांना बुरशी आहे असं वहीत लिहून अर्धा भाव ठेवून गेला, तो रागावून फिरत असेल तर पाठवू नका, राग उतरला असेल तर पाठवा, तोडणी पाच सप्टेंबरला संपते आणि मग मी मावशीकडे लोणच्या-मुरंब्याच्या कारखान्यात कामाला जाणार आहे, कायमची.

आई माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली की भाव करायला शिकवलं पण फळ बघायला शिकवायचं राहिलं. ती पांढरी झाक बुरशी नसते रे, झाडावरून उतरल्यावर फळाला कुणाचा हात लागला नाही याची ती खूण असते. बाजारातली चकचकीत फळं म्हणजे दहा जणांनी चोळलेली.

वर त्या कुंपणाकडे परत फीर. आज.

लोभ वाढवायचा की नाही ते पाच तारखेला ठरवीन.

तुझी ताई

*

ता. २४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डाकघराच्या खिडकीशी उभा राहून लिहितोय, पेन साखळीने बांधलेलं आहे आणि मागे रांग ओरडते आहे. तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून बाबांवर असा संतापलो की खिडकीवर मूठ आपटली आणि बाईंनी शिक्का उगारला. निरोप घरी आणून द्यायला काय झालं होतं? एका छताखाली आठ दिवस! दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की त्या आठ दिवसांत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. तिसऱ्यांदा फक्त कानांचा भाग वाचला. चौथ्यांदा वाचता आलं नाही.

तिच्या दारात उभा होतो ताई! तिचीच फळं खाल्ली! माझाच कावळा मेणकापडाखाली होता आणि मी त्यावर वही ठेवून शहाणपणा लिहिला!

वर जाणारी थेट बस उद्या दुपारी आहे. तोवर थांबणं शक्य नाही. लसूणवाल्याची गाडी अर्ध्या रस्त्यापर्यंत जाते, पुढे पायी. भाड्याबद्दल विचारलं तर म्हणाला की चढावर उतरून ढकलायचं.

धाकटा

*

ता. २७ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिली वेळ, त्यामुळे मायना ताईच्या पत्रांवरून जुळवला आहे. चुकला असेल तर पदरात घ्या.

परवा संध्याकाळी पोचलो. भावाची पाटी तिच्या वडिलांच्या अक्षरातली आहे, म्हणून तेव्हा मला काही ओळखता आलं नव्हतं. आधी कुंपणाजवळची वही उघडली. माझ्या ओळींखाली तिच्या त्या कोंबडीच्या अक्षरात लिहिलं होतं की मालक झोपलेलेच आहेत, पाय मोडून. बुरशी नाही, कुणाचा हात लागला नाही. लिहिणाऱ्याने स्वतः येऊन एक फळ पुसून पाहावं. मी तिथेच बसून राहिलो. ती टोपली घेऊन आली तेव्हा मी वही हातात धरूनच उठलो. तिने चेहरा जराही न हलवता विचारलं की लाकडाचा व्यापार कसा चाललाय. मी सांगितलं की माझे वडील पेट्या बनवतात. बाबा, एवढं वाक्य बोलायला मला एकोणीस वर्षं लागली आणि ते बोलून झाल्यावर आभाळ वगैरे काही कोसळलं नाही. ती म्हणाली की ठाऊक आहे, चांगल्या बनवतात, ती टोपली उचल.

तिचे वडील पाय फळीला बांधून ओसरीवर बसतात आणि फळं निवडतात. मोठी एकीकडे, चिरलेली एकीकडे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं की अर्ध्या भावाचं गिऱ्हाईक ते तूच का. हो म्हणालो. म्हणाले की बरं झालं, तोंड तरी बघायला मिळालं. आता रोज जेवताना मला वाढलं की ते विचारतात, बुरशी नाही ना?

इथे पेट्यांची अडचण आहे. नव्या अजून आल्या नाहीत आणि जुन्या मोडल्यात. तुमच्या मनगटाचं मी सांगितलं. मग हातोडी मीच घेतली. पहिल्या दिवशी तीन पेट्या नीट केल्या आणि दोन बोटं बिघडवली. टोकाला खिळा मारला की फळी उभी चिरते. तुम्ही कसं करता? मी कधी पाहिलंच नाही. प्रत्येक पेटी उलटी केली की तो कावळा वर येतो आणि उघड्या चोचीने माझ्याकडे बघतो. माझा राग कुठे जातो कळत नाही.

तुम्ही तिचा निरोप मला घरी का सांगितला नाहीत, हे विचारणार होतो. आता विचारत नाही.

पण एक विचारायलाच हवं, आणि उत्तर लवकर हवं. मावशीकडे जायचं तिने रद्द केलेलं नाही. कपडे भरून पत्र्याची पेटी कोपऱ्यात ठेवली आहे. काल पेट्या लावताना तिने विचारलं की कावळ्याला तीन पाय का. म्हणाली की तिने तुम्हाला पूर्वी विचारलं होतं, आणि तुम्ही सांगितलं होतं की ज्याने काढला त्यालाच विचार. मला आठवेना. मी काहीतरी थाप मारणार होतो, तोंडापर्यंत आली होती, पण नाही मारली. ठाऊक नाही म्हणालो. तेव्हा ती म्हणाली की ज्याला स्वतःचीच खूण वाचता येत नाही त्याच्या भरवशावर किती थांबायचं, ते पाच तारखेपर्यंत बघू. हसत म्हणाली, पण त्या पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडलं नाही.

बाबा, तुम्हाला आठवतंय का? मी का काढला तिसरा पाय?

आशीर्वाद असतील तर चिकटवून पाठवा, फार नको, एका पेटीपुरते.

आपला मुलगा

*

ता. ३१ ऑगस्ट

चि. मुलास,
अ. उ. आ.

मायना बरोबर आहे.

मला लिहायची सवय नाही. फळ्यांवर आकडे लिहितो तेवढंच. तुझी ताई लिहून देते म्हणाली, पण हे मीच लिहायचं ठरवलं. मनगट बरं आहे.

खिळा मारण्याआधी त्याचं टोक हातोडीने जरा बोथट करावं. टोकदार खिळा लाकूड चिरतो, बोथट खिळा वाट काढतो. टोकापासून दोन बोटं आत मारावा. बोटांना तेल लाव.

निरोपाचं तू विचारलं नाहीस तरी सांगतो. ती म्हणाली होती की दुकानात येईल तेव्हा द्या. निरोप असतो तसाच पोचवावा. रोज दार उघडल्यावर मी ती पेटी तू आत येशील त्या बाजूला ठेवत होतो. फळं मऊ पडायला लागली तेव्हा रोज एक खाल्लं. अकरा होती. बिया जपून ठेवल्या आहेत. माझंही चुकलं. पलीकडून तू जायचास तेव्हा हाक मारायला काय हरकत होती. हात रिकामे नव्हते एवढंच कारण.

नव्या पेट्या वीस तयार आहेत. ठसा मारलेला नाही. गुरुवारच्या बसने घेऊन येतो, टपावर मावतील. ठसाही आणतो. तो यावेळी तू मार.

आता कावळ्याचं. तू तो काढलास तेव्हा मी म्हणालो होतो की कावळ्याला दोन पाय असतात. तू एवढा चिडलास की पेन्सिल फेकलीस. तेव्हापासून तू असाच आहेस. म्हणालास की कावळ्याला दोनच आहेत, तिसरा त्याचा नाहीच. कावळ्याच्या मागे बाबा उभे आहेत, तो पडू नये म्हणून. कावळा मोठा आहे, म्हणून बाबा दिसत नाहीत, त्यांचा एक पाय तेवढा दिसतो.

तिला हे सांग. गुरुवारी दुपारी फाट्यावर ये, एकट्याने पेट्या उतरवायच्या नाहीत मला.

लोभ काय तो येताना घेऊन येतो, पत्रात मावत नाही.

बाबा